गाडी परत गेली, पण कागद?



मोहाचा मोसम तोंडावर आला आहे. या दिवसांत संघटनेच्या कामाला आम्ही कुणाला फारसं ओढत नाही. ज्याला त्याला पहाटे आपापल्या झाडाखाली जायचं असतं. पण यंदा एक गोष्ट मोसमाच्या आधीच बोलून घ्यायला हवी, म्हणून हा अंक लवकर काढला. अंक घरी ठेवून देऊ नका. टोल्यात ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावा.

आपल्याच भागातल्या एका गावाची गोष्ट आहे. गावाचं नाव लिहीत नाही. गावाने अजून ठराव केलेला नाही, आणि गावाच्या आधी आपण बोलणं बरं नव्हे.

या गावाच्या उगवतीला गुरचरण आहे, आणि गुरचरणाच्या पलीकडे मोहाची झाडं. गेल्या पावसाळ्यानंतर तिथे वर्दीवाल्यांची चांदमारी सुरू झाली. ज्या दिवशी गोळीबाराचा सराव असतो त्या दिवशी लाल झेंडा लागतो आणि वाट बंद होते. आधी महिन्यातून एकदा, आता आठवड्यातून दोनदा. गुरं कुठे न्यायची, कुणी सांगत नाही. लाकूडफाटा कुठून आणायचा, कुणी सांगत नाही. आणि आता मोह पडेल. मोह पहाटे पडतो आणि पहाटेच वेचावा लागतो. दुपारी झेंडा उतरल्यावर गेलं तर डुकरांनी आणि गुरांनी खाऊन टाकलेला. एका घराची पंधरा-वीस दिवसांची ही कमाई असते. त्यातूनच किराण्याची उधारी फिटते, पोरांची पुस्तकं येतात.

गावाने अर्ज लिहिला. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या बाबूने अर्ज उलटा सरकवला आणि सांगितलं, "हा देशाच्या सुरक्षेचा विषय आहे. यात अर्ज चालत नाही." पोच नाही, शिक्का नाही, आवक नंबर नाही. आमचा एक कार्यकर्ता सोबत होता. तोही कागद घडी घालून खिशात ठेवून गावकऱ्यांबरोबर परत आला. ही चूक आमची आहे आणि ती आम्ही इथे लिहून ठेवतो. तिथेच बसायला हवं होतं. निदान त्याच दिवशी पोस्टात जाऊन रजिस्टर टपालाने अर्ज पाठवायला हवा होता.

त्या रात्री गावात बैठक झाली. तीन मतं निघाली. तिन्ही मतं आपल्या प्रत्येक गावात आहेत, म्हणून तिन्हींना उत्तर देतो.

एक म्हातारे काका म्हणाले, "अर्ज म्हणजे भीक. माझ्या बापाने अर्ज दिले, मी दिले. जमीन मिळाली ती कसली म्हणून, अर्जामुळे नाही. आता अर्ज बंद करा."

तरुण पोरं म्हणाली, "वाटेवर जाऊन बसू. एकदा अडवलं की पुन्हा येणार नाहीत."

आणि बाजाराच्या गावाहून आलेला एक पुढारी म्हणाला, "जवान सीमेवर मरतात आणि तुम्ही मोहाचं रडता? जास्त बोलाल तर तुमच्यावरच शिक्का बसेल."

पुढाऱ्याला आधी उत्तर देऊ, कारण त्याच्या बोलण्याने माणसं घाबरतात.

देशासाठी आम्ही काय दिलं?

झारखंडात गुमला नावाचा जिल्हा आहे. उराव, मुंडा, असुर अशा आदिवासींचा मुलूख. त्या जिल्ह्यातल्या जारी गावचा उराव पोरगा अल्बर्ट एक्का सैन्यात गेला. ३ डिसेंबर १९७१ ला गंगासागरच्या लढाईत शत्रूची मशीनगन बंद पाडून तो मेला. देशाने त्याला परमवीर चक्र दिलं. सैन्याला याहून मोठा मान देता येत नाही.

आता त्याच जिल्ह्याला सैन्याच्या बाजूने काय मिळालं ते ऐका. गुमला आणि शेजारच्या तेव्हाच्या पलामू जिल्ह्यात नेतरहाटचं पठार आहे. १९६४ पासून तिथे तोफांच्या गोळीबाराचा सराव होत असे. म्हणजे अल्बर्ट एक्का जिवंत होता, सैन्यात होता, तेव्हाही त्याच्या मुलखात तोफा डागल्या जात होत्या. सरावाच्या दिवसांत माणसांनी घरं सोडायची, गुरं हाकायची, शेत उघडं टाकायचं, आणि संध्याकाळी परत यायचं. गोळ्यांनी माणसं मेली, जनावरं मेली, पिकं तुडवली गेली, बायकांवर अत्याचार झाले, ही तक्रार तिथल्या लोकांनी तीस वर्षं मांडली.

मग देशद्रोही कोण झालं? ज्या मातीने परमवीर दिला तिथले लोक म्हणतात, आमच्या शेतात गोळा टाकू नका. हे म्हणायला त्यांना अधिकार नाही काय? आपल्या गावांतूनही पोरं फौजेत जातात, पोलिसात जातात. ती आपलीच पोरं आहेत. वर्दीशी आमचं भांडण नाही. आमचा सवाल एवढाच आहे की देशाच्या रक्षणाची किंमत दर वेळी जंगलातल्याच गावाने का भरायची, आणि भरायचीच असेल तर आम्हाला न विचारता का?

असले सराव आपल्या महाराष्ट्रातही होतात. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात के. के. रेंज आहे. तिच्या विस्ताराची टांगती तलवार राहुरी, पारनेर, नगर या तालुक्यांतल्या तेवीस गावांवर वर्षानुवर्षं आहे. त्यातल्या काहींनी मुळा धरणासाठी एकदा जमिनी दिलेल्या. २०२० ला पुन्हा जमीन जाणार अशी बातमी आली. गावं उठली, निवेदनं दिली, आणि विषय दिल्लीला संरक्षण मंत्र्यांपर्यंत गेला. ते शेतकरी देशद्रोही ठरले नाहीत. मग आदिवासी गावाने तेच विचारलं की शिक्क्याची धमकी का?

टुटुवापानीची वाट

आता तरुण पोरांचं बोलणं. नेतरहाटची पुढची गोष्ट त्यांच्यासाठी आहे.

१९९१ आणि १९९२ मध्ये तेव्हाच्या बिहार सरकारने अधिसूचना काढल्या. आधी मोजक्या गावांपुरता असलेला सराव आता १,४७१ चौरस किलोमीटरवर आणि २४५ गावांत पसरणार होता. मुदत २००२ पर्यंत. लोकांना हे कळलं तेव्हा त्यांनी गावोगाव बैठका घेतल्या. केंद्रीय जन संघर्ष समिती उभी केली. निवेदनं दिली, मोर्चे काढले.

२२ मार्च १९९४ ला सैन्याच्या गाड्या नेहमीच्या सरावासाठी आल्या. टुटुवापानीच्या वाटेवर हजारो माणसं बसली होती. पुढे बाया होत्या. लाठी नाही, दगड नाही. जीव देऊ पण जमीन देणार नाही, एवढंच. एक रात्र तशीच गेली. २३ मार्चला गाड्या वळल्या आणि परत गेल्या. त्यानंतर त्या पठारावर सराव झाला नाही.

२०२४ च्या २२-२३ मार्चला या गोष्टीला तीस वर्षं झाली.

पोरं म्हणतील, "बघा, आम्ही हेच सांगत होतो." पण गोष्ट इथे संपत नाही. लोक घरी गेले, शेताला लागले. १९९९ साली बिहार सरकारने त्याच अधिसूचनेची मुदत वाढवली, ११ मे २०२२ पर्यंत. तोफेचा एक गोळा पडत नव्हता, एक गाडी येत नव्हती, पण कागदावर ती २४५ गावं चांदमारीचीच होती. पुढच्या वर्षी झारखंड राज्य झालं. आदिवासींचं राज्य म्हणून नगारे वाजले. तो कागद नव्या राज्यातही तसाच चालू राहिला.

दोन दिवसांत गाड्या वळल्या. कागदाला अठ्ठावीस वर्षं लागली. पोरांनो, हा हिशेब नीट ध्यानात ठेवा. रस्त्यावर बसलेल्या माणसाला ड्रायव्हर बघतो, म्हणून गाडी थांबते. कागद असतो फायलीत, फाईल असते कपाटात, आणि कपाटासमोर कुणी बसत नाही. दहा वर्षांनी दुसरा साहेब येतो, फाईल उघडतो, तारीख बघतो आणि मुदत वाढवून देतो. त्याला टुटुवापानी माहीतही नसतं.

तिथल्या लोकांनी मात्र कपाटासमोरही बसायचं ठरवलं. दर वर्षी २२-२३ मार्चला ते टुटुवापानीला जमत राहिले. लग्नं झाली, म्हातारे गेले, १९९४ ला कडेवर असलेली पोरं बाप झाली, तरी जमत राहिले. मुदत संपायची तारीख जवळ आली तेव्हा ग्रामसभांनी ठराव केले. २१ एप्रिल २०२२ ला टुटुवापानीहून लोक पायी निघाले आणि सुमारे दोनशे किलोमीटर चालून २५ एप्रिलला रांचीला राजभवनावर पोचले. उन्हाळ्याचे दिवस. हातात काय होतं? राज्यपालांच्या नावे एक निवेदन. म्हणजे अर्जच.

११ मे ला मुदत संपली. १७ ऑगस्ट २०२२ ला झारखंडच्या मुख्यमंत्र्यांनी मुदत वाढवायची नाही या प्रस्तावाला मंजुरी दिली.

आता सांगा, कशामुळे जिंकले? नुसत्या अर्जाने? नाही. १९९४ पर्यंत अर्ज होतेच आणि तोफा चालूच होत्या. नुसत्या रस्त्यावर बसण्याने? नाही. १९९९ ला त्यांच्या पाठीमागे मुदत वाढली. अर्जाच्या मागे गाव उभं होतं आणि गावाच्या हातात अर्ज होता, म्हणून जिंकले. आणि मुदत न वाढवणं वेगळं, कायमचं रद्द करणं वेगळं, हेही आपण विसरू नये.

ओडिशात बलियापालला पण असंच झालं. १९८५ च्या सुमाराला क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी तिथली सुपीक किनारपट्टी घ्यायचं ठरलं. पानमळे, नारळ, भातशेती आणि मासेमारीवर जगणारी गावं. लोकांनी भागात शिरायच्या रस्त्यांवर आडकाठ्या घातल्या. सरकारी गाडी दिसली की शंख फुंकायचे, थाळ्या वाजवायचे, आणि सगळा भाग गोळा व्हायचा. तिथे जमीन गेली नाही. देशाची क्षेपणास्त्रं बनायची थांबली काय? नाही. दुसरीकडे सोय झाली. "दुसरी जागाच नाही" असं साहेब म्हणतात तेव्हा बलियापाल आठवा. गाव बोललं नाही तर दुसरी जागा कुणी शोधत नाही.

अर्ज म्हणजे भीक काय?

काकांचा राग आम्हाला समजतो. काकांच्या पिढीने अर्जाचा अपमान पाहिला आहे. "मायबाप सरकार" लिहायचं, "आपला आज्ञाधारक" लिहायचं, हात जोडून उभं राहायचं. वनजमिनीच्या प्लॉटसाठी किती कागद दिले! शेवटी कामाला आल्या त्या दंडाच्या पावत्या. गार्डाने चोर म्हणून फाडलेली पावतीच पुढे पुरावा झाली.

पण काका, याच गोष्टीचा दुसरा अर्थ बघा. त्या पावत्या टिनाच्या डब्यात जपून ठेवल्या म्हणून तर दावा उभा राहिला. तुमचं म्हणणं खरं होतं, पण तुमच्याकडचा कागद त्यांचा होता. आपण दिलेल्या अर्जांची पोच कुणी जपली नाही, कारण कुणी दिलीच नाही, आणि आपण मागितली नाही.

अर्ज भीक नाही. संविधानाचं कलम ३५० काय सांगतं? आपल्यावरचा अन्याय दूर व्हावा म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. आणि ते निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. त्या कलमात "सुरक्षेचा विषय सोडून" असं लिहिलेलं नाही. "वर्दीविरुद्ध असेल तर नको" असंही नाही. बाबूने अर्ज परत सरकवला तेव्हा त्याने गावावर मेहेरबानी नाकारली नाही, गावाचा हक्क नाकारला. आम्ही तिथे हे बोललो नाही, म्हणून आज इथे लिहितो.

म्हणून अर्जातून "मायबाप" काढा. "विनंती आहे की कृपा व्हावी" काढा. साधं लिहा: आम्ही अमुक गावचे लोक. आमच्या गुरचरणावर अमुक तारखेपासून हे चालू आहे. आमचं हे नुकसान झालं आहे. आमची ही मागणी आहे. उत्तर द्या.

सुरक्षा म्हटलं तरी कायदा संपत नाही

"सुरक्षेच्या बाबतीत कायदा लागत नाही" ही सगळ्यात मोठी थाप आहे. कायदे कोणते ते नीट ऐका. साहेबासमोर बोलताना उपयोगी पडतील.

पहिला, १९३८ चा. सैन्याच्या कवायती, मैदानी गोळीबार आणि तोफखान्याचा सराव यांचा हा कायदा. इंग्रजांनी केलेला. नेतरहाटला हाच लावला. आम्हाला हा कायदा आवडत नाही, कारण गावाला विचारा असं त्यात कुठेच नाही. पण इंग्रजांच्या या कायद्यातही भरपाई आहे. सरावामुळे माणसाला किंवा मालमत्तेला इजा झाली, हक्कात अडथळा आला, तर भरपाई द्यायची. जिल्हाधिकाऱ्याने महसूल अधिकारी नेमायचा, त्याने जागेवर चौकशी करून तिथेच पैसे द्यायचे, आणि निकाल पटला नाही तर अपील. इंग्रजाने आमच्या आज्याला जेवढं दिलं, तेवढंही आज आम्हाला नाकारतात. आणि हा कायदा सैन्यासाठी आहे, तोही सरकारने अधिसूचना काढून क्षेत्र ठरवलं असेल तरच. म्हणून पहिला सवाल हाच: आमच्या गुरचरणावरची चांदमारी कोणत्या कायद्याखाली? कोणत्या आदेशाने? आदेशाचा नंबर आणि तारीख सांगा.

दुसरा, १९९६ चा पेसा. पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात जमीन घेण्याआधी गावाशी विचारविनिमय करायलाच हवा.

तिसरा, २००६ चा वनहक्क कायदा. कलम ३ मध्ये गौण वनउपजाची मालकी आहे, म्हणजे मोह आपला. चराईचा हक्कही त्यातच आहे. आणि कलम ४(५) सांगतं की दाव्यांची पडताळणी आणि मान्यता पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला हटवता येत नाही.

चौथा, २०१३ चा भूसंपादन कायदा. देशाच्या संरक्षणासाठी तातडीने जमीन घ्यायची सोय त्याच्या कलम ४० मध्ये आहे. पुढारी एवढंच सांगतो आणि थांबतो. लगेच पुढचं कलम ४१ सांगत नाही. त्यात लिहिलं आहे की अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायची असेल तर ग्रामसभेची आधी संमती हवी, तातडीचं संपादन असलं तरी. म्हणजे "संरक्षण" हा शब्द उच्चारला तरी ग्रामसभेला वळसा घालता येत नाही.

एक गोष्ट मात्र उलट दिशेने गेली आहे. २०२३ साली वनसंवर्धनाच्या १९८० च्या कायद्यात बदल झाला. सुरक्षेशी संबंधित बांधकामासाठी दहा हेक्टरपर्यंतची वनजमीन त्या कायद्याच्या मंजुरीतून सुटली आहे. डाव्या उग्रवादाच्या नावाने जाहीर झालेल्या भागांत छावण्यांसाठी आणि सार्वजनिक सोयींसाठी पाच हेक्टरपर्यंत वेगळी सूट आहे. आता साहेब म्हणतील, परवानगी लागतच नाही. त्यावर उत्तर एकच: दिल्लीच्या मंजुरीतून सुटलात, आमच्या हक्कातून नाही. पेसा आणि वनहक्क कायदा कुणी रद्द केलेला नाही. पण हा बदल कशासाठी आहे ते ओळखा. पुढच्या काही वर्षांत असे अर्ज आपल्याला बऱ्याच गावांत लिहावे लागतील. म्हणून एका गावाचा हा अर्ज आपण सगळ्यांनी नीट लढायचा आहे.

काय करायचं

१. ग्रामसभा आधी. मोह पडायच्या आत ग्रामसभा घ्या. बाया जास्त हव्यात, कारण पहाटे वाट बंद होते ती त्यांची. ठराव मोठ्याने वाचून दाखवा, मग सह्या घ्या. कोऱ्या कागदावर कुणीही सही-अंगठा देऊ नये, मग आणणारा आपला नातेवाईक का असेना.

२. नुकसानाची वही घाला. कोणत्या तारखेला झेंडा लागला, किती वाजता उतरला, कुणाची गुरं अडली, कुणाचा किती मोह गेला. रोजच्या रोज. शाळेतली पोरं लिहितील. वर्षभराने "नुकसान काय झालं?" असं विचारतील तेव्हा ही वही बोलेल. त्यात वाढवून काही लिहू नका. एक खोटं सापडलं की शंभर खरी बुडतात.

३. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फौजेला विचारू नका. तिथे सुरक्षेचं कारण सांगून दार लावतील. जिल्हाधिकारी आणि तहसील कार्यालयाला विचारा: या जागेचा आदेश, अधिसूचना, नकाशा आणि ग्रामसभेच्या संमतीची प्रत द्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. राजपत्रात छापलेली अधिसूचना गुप्त नसते, ती छापतातच लोकांसाठी. "असा आदेश नाही" असं उत्तर आलं तर तोच आपला सगळ्यात मोठा पुरावा.

४. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. दोन प्रती न्यायच्या. एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. नाही दिला तर तिथेच शांतपणे बसायचं, आणि दोन माणसांनी पोस्टात जाऊन तोच अर्ज पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवायचा. फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असा महाराष्ट्राचा दफ्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आहे. त्याची आठवण करून द्यायची.

५. वाटेवर बसायचं झालं तर गावाने ठरवून. पोरांनो, तुमच्या हिमतीवर आमचा विश्वास आहे. पण गोळीबार चालू असताना झेंड्याच्या आत कुणीही जायचं नाही. न फुटलेला गोळा किंवा पितळ दिसलं तर हात लावायचा नाही. भंगाराच्या दोन पैशांसाठी हातपाय गमावलेली माणसं अशा रेंजांच्या आसपास आहेत. बसायचं ते आदल्या दिवशी, रस्त्यावर, दिवसाउजेडी, सगळ्या गावाने, बाया पुढे, हातात ठरावाची प्रत. टुटुवापानीला असंच बसले होते.

६. जिंकलो तरी कागद सोडायचा नाही. उद्या साहेब म्हणतील, "ठीक आहे, मोहाच्या दिवसांत सराव ठेवत नाही." ते घ्यायचं, पण लेखी घ्यायचं. आणि मुदतीची तारीख ग्रामसभेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची, म्हणजे आपल्यानंतरच्या पोरांना ती शोधत बसावी लागणार नाही.

शेवटचं

काका, तुम्ही म्हणालात, बापानेही अर्ज दिले आणि काही झालं नाही. आम्ही तुमचं म्हणणं खोडत नाही. पण तुमच्या बापाने अर्ज दिला तेव्हा तो एकटा गेला होता. चाळीस कोस पायी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, आणि ऑफिसात त्याला कुणी बसा म्हणालं नाही. तुमच्या बापाचा अर्ज चुकीचा नव्हता. त्याच्या मागे कुणी नव्हतं.

या वेळी मागे आपण असू. येत्या २२-२३ मार्चला, टुटुवापानीला लोक जमतील त्याच दिवशी, आपणही आपापल्या टोल्यात जमू. लांब जायला नको, मोसम आहे. सकाळी मोह वेचून झाला की गावाच्या देवाजवळ बसू. त्या गावाचा अर्ज प्रत्येक गावात वाचू आणि प्रत्येक ग्रामसभा त्याला पाठिंब्याचा ठराव देईल. बाबूच्या टेबलावर मग एक अर्ज येणार नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांचे ठराव घेऊन माणसं येतील, आणि पोच मिळेपर्यंत बसतील.

अर्ज चालत नाही म्हणाले ना? मग आता अर्जाबरोबर गावही चालत येईल.

जल, जंगल, जमीन आमची!
ग्रामसभा जिंदाबाद!